थांबायचं कुठे आणि किती लांब?

ऐन मे महिन्यात पुणे–सोलापूर रस्त्यावर पक्षी बघायला जातो म्हटलं की लोक वेड्यात काढतात. पक्षी बघायचे ते थंडीत, असा आपल्याकडे पक्का समज आहे. थंडीत परदेशी पाहुणे येतात, तळी भरलेली असतात, हवाही बरी असते. उन्हाळ्यात माळावर काय असतं? ऊन आणि वावटळी.

खरं तर माळावरच्या पक्ष्यांचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम याच दिवसांत चालतं. टिटवी, धाविक, पखुर्डी, वेडा राघू यांची अंडी-पिल्लं ऐन उन्हात असतात. म्हणजे बघण्यासारखं खूप असतं, आणि बघणाऱ्याच्या हातून नुकसानही याच दिवसांत सर्वांत जास्त होऊ शकतं. मग बघायचं कसं? या प्रश्नावर एक आत्या आणि तिचा भाचा प्रवासभर वाद घालत होते. आत्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली आहे. आयुष्यभर एकाच तळ्याच्या काठी बसून तिने वह्या भरल्या. भाच्याला रस्ता प्रिय. गाडी काढायची, जिल्हे पालथे घालायचे, दिसेल तो पक्षी नोंदवायचा आणि नोंद सगळ्यांसाठी खुली करायची, ही त्याची रीत. दोघांचंही पक्ष्यांवर मनापासून प्रेम आहे, म्हणून त्यांचा वाद जसा झाला तसा इथे मांडतो.

यवतच्या पुढे, तांबडं फुटताना

भाचा: आत्या, वहीत लिही. यवत मागे पडलं, तारेवर कोतवाल आहेत, वेडे राघू आहेत, होले आहेत. नीलपंख एकही नाही.

आत्या: लिहिलं. पण जो दिसलाच नाही त्याचं नाव कशाला लिहायचं?

भाचा: तेच तर सगळ्यात महत्त्वाचं. जे दिसलं ते सगळं लिहिलं, काहीही गाळलं नाही, तरच जे लिहिलं नाही ते नव्हतं असं म्हणता येतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदी त्यामागे होत्या. ९४२ जातींचा आढावा घेतला. ज्या जाती ३० टक्क्यांहून जास्त घटल्या आणि ज्यांचा धोक्याचा दर्जा नव्याने तपासावा अशी शिफारस झाली, त्यांत आपला नीलपंख आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो. हे कुणा एकट्याला तळ्याकाठी बसून कळलं नसतं.

आत्या: आकडा कळला. कारण कळलं का?

भाचा: कारण पुढची पायरी.

आत्या: मला तीच पहिली वाटते. ऐंशीच्या वेगाने जाताना तुला तारेवरचा पक्षी दिसतो. बोरीच्या जाळीत दबकलेला तितर दिसत नाही. म्हणजे तुझी यादी माळाची नव्हे, तारेची आहे.

भाचा: हे मान्य. पण तीच गाडी, तोच रस्ता, तोच महिना, तीच सकाळची वेळ ठेवली, तर दरवर्षी त्रुटी साधारण तेवढीच राहते. मग या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. तारेवरचे पक्षी तारेवरच्या पक्ष्यांशी.

आत्या: हे बोललास ते बरं. पण सलीम अलींना सुगरणीचं गुपित कुठे उलगडलं? किहीमला. १९३० च्या सुमारास नोकरी नव्हती, अलिबागजवळ किहीमच्या घरी राहत होते. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तिच्यासमोर महिनोन्‌महिने बसले. एक नर एक घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग तोच नर दुसरं घरटं विणायला घेतो. हे सगळं त्या बसण्यातून कळलं. तिथे ते नुसते येऊन गेले असते तर 'सुगरण, बरीच घरटी' एवढीच नोंद झाली असती.

भाचा: आणि लगेच पुढे, १९३१ मध्ये, तेच सलीम अली निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या पक्षी सर्वेक्षणाला निघाले. मग त्रावणकोर-कोचीन. मुक्काम हलवत, मैलोन्‌मैल. तू त्यांचं एकच वर्ष सांगतेस, मी पुढचंही सांगतो. किहीमला कळलं सुगरण कशी राहते. सर्वेक्षणात कळलं कोणता पक्षी कुठे आहे. आज तिथे काय उरलं, हे ताडायला तेच जुनं काम हाताशी आहे.

आत्या: बरं. गाडी चौफुल्यावरून उजवीकडे घे. आता माझी पाळी.

सुप्याचा माळ

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा हरणांसाठी ते राखलं आहे. भोवताली शेतं, वस्त्या, रस्ते. मे महिन्यात गवत वाळून पिवळं पडलेलं, जमीन ठिकठिकाणी उघडी. गाडी कच्च्या रस्त्याच्या कडेला लावून इंजिन बंद केलं. कुणीही खाली उतरलं नाही.

भाचा: उतरायचं नाही?

आत्या: नाही. माणूस उभा दिसला की पक्षी उठतो. गाडी उभी असली तर थोड्या वेळात तो तिला दगडधोंड्यात जमा करतो. गाडीसारखं लपण नाही. आता समोर बघ. त्या पांढऱ्या दगडाच्या डावीकडे, मेंढ्यांच्या लेंड्या पडल्यात तिथे.

भाचा: काही नाही. थांब... धाविक! काय रंग आहे. छातीला विटकरी, डोळ्यातून काळी रेघ, वरून पांढरी. पळते, थांबते, मान ताठ करते, परत पळते.

आत्या: बघ कुठे थांबते ते.

भाचा: थांबली. बसत नाहीये, नुसती उभी आहे. पंख जरा सैल सोडलेत. चोच उघडी आहे, धापा टाकतेय.

आत्या: तिच्या पायांत अंडी आहेत. काटक्यांचं घरटं नाही, गवताची काडी नाही. उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी, मातकट, त्यावर काळे-तपकिरी शिंतोडे. लेंड्यांत पडली की तुझ्या दुर्बिणीलाही वेगळी काढता येणार नाहीत. ती अंडी उबवत नाहीये, गार ठेवतेय. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की पक्षी अंड्यांना ऊब देतो. मे महिन्यातल्या माळावर काम उलटं असतं. इथे मेहनत सावलीची. टिटवी तर पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून आणतो आणि पिल्लं त्या पिसांतूनच पाणी पितात.

भाचा: म्हणजे आत्ता मी उतरून दहा पावलं पुढे गेलो असतो...

आत्या: तर ती उठली असती. लांब जाऊन उभी राहिली असती, अंड्यांची जागा कळू नये म्हणून. तू फोटोसाठी थांबला असतास, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात. थंड देशात पक्षी उठला की अंडं निवतं. इथे ते भाजतं. जीव जायला फार वेळ लागत नाही. आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण आपण चांगला फोटो मिळाला म्हणून खुशीत घरी गेलेलो असतो.

भाचा: पण पक्ष्याला माणसाची सवय होतेच ना? मेंढपाळ रोज जातो इथून.

आत्या: मेंढपाळ चालत राहतो. त्याची नजर मेंढ्यांवर. तू थांबतोस आणि रोखून बघतोस. पक्ष्याला हा फरक कळतो. पुण्यात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूंवर केलेलं काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं, ते वाच. वेडा राघू मातीच्या कडेत बीळ करून अंडी घालतो. घरट्यापासून सारख्याच अंतरावर माणूस उभा केला. एकदा अशा जागी की बिळाचं तोंड त्याला दिसेल, एकदा अशा जागी की दिसणार नाही. बीळ दिसत असलं की पक्षी आत जायचं टाळत होता. दिसत नसलं की तुलनेने सहज जात होता. म्हणजे माणूस किती जवळ आहे एवढंच तो बघत नाही. माणसाला तिथून काय दिसतंय, हेही तो जोखतो.

भाचा: हे मला माहीत नव्हतं.

आत्या: आता रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीपाशी तुम्ही लोक थांबता, समोर तिपाई लावता, आणि वेडा राघू चोचीत चतुर धरून तारेवर बसलेला किती छान दिसतो म्हणता. तो छान दिसण्यासाठी बसलेला नसतो. तू जायची वाट बघत असतो. चोचीतला घास पिल्लांचा आहे.

दुपार, वडाखाली

दहानंतर माळावर थांबण्यात अर्थ नव्हता, आपल्यासाठीही आणि पक्ष्यांसाठीही. जुन्या रस्त्याच्या एका तुकड्यावर वडाची झाडं शिल्लक आहेत, तिथे डबे उघडले. वर हरियालांचा थवा होता. पिवळे पाय, हिरवट अंग, आणि पानांत असे मिसळलेले की लाल फळं खाली टपटपतात म्हणूनच कळावं. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हा. जमिनीवर क्वचितच येतो. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर त्याचं पोट.

भाचा: बघ, मोठ्या रस्त्याला लागून असे वड आता दिसत नाहीत. चौपदरीकरणात गेले. हे मला रस्त्याने फिरतो म्हणून दिसतं. एका जागी बसणाऱ्याला आपल्या जागेचं सुखदुःख कळतं, पण शंभर किलोमीटरची सावली एकदम गेली हे कळायला शंभर किलोमीटर जावंच लागतं.

आत्या: यावर माझं काही म्हणणं नाही. हा मुद्दा तुझाच.

भाचा: मग दुसरा ऐक. फोटोंवर तू रागावतेस. पण माझ्या पिढीतली निम्मी माणसं फोटोंमुळे पक्ष्यांकडे वळली. चिमणी-कावळ्यापलीकडे काही माहीत नसलेला मुलगा एक दिवस हरियालाचा फोटो बघतो आणि विचारतो, हा आपल्याकडे असतो? तो प्रश्न पडला की तो आपला झाला.

आत्या: फोटोवर माझा राग नाही. घरट्याच्या फोटोवर आहे. स्वर्गीय नर्तकाचं घरटं नीट दिसावं म्हणून पुढच्या डहाळ्या छाटलेल्या मी पाहिल्यात. त्या डहाळ्या घरट्याची सावली होत्या आणि आडोसाही. दुसऱ्या दिवशी कावळ्यांना पिल्लं दिसली. फोनवर नराचा आवाज वाजवतात, ते तसंच. खरा नर घरटं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो. पोरांना भरवायच्या वेळात तो मोकळ्या हवेशी भांडतो.

भाचा: आवाज मीही वाजवत नाही. आणि अनेक पक्षीगट, अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत. हा बदल घरी बसलेल्यांनी नाही केला. फिरणाऱ्यांनी आपापसात भांडून केला.

आत्या: ते भांडण अजून संपलेलं नाही. गाडी उभी करून पळत सुटणारे रोज दिसतात.

उजनीचं उतरलेलं पाणी

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. उन्हाळ्यात धरण 'मायनसमध्ये' जातं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्याला हात लागतो. पाणी मागे सरलं की पळसदेवची बुडालेली देवळं वर येतात, काठचे शेतकरी गाळपेर करतात, आणि उघड्या पडलेल्या चिखलावर पक्ष्यांचं जेवण मांडलेलं असतं. भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात माना खाली घालून चरत होते. ऊन उतरलं होतं. काठाला होड्या लागलेल्या.

भाचा: होडीत बसू या. आणि याबद्दल तू काही बोलायच्या आत मी बोलतो. धरणाने इथली गावं उठवली. जमिनी पाण्याखाली गेल्या, तेव्हा लोक मासेमारीकडे वळले. आज त्याच घरांतली मुलं पक्षी दाखवतात, जेवण देतात, राहायची सोय करतात. इंग्रजी नावं, मराठी नावं, कोण कधी येतो, कधी जातो, सगळं त्यांना पाठ आहे. लोक आले नाहीत तर हे सगळं बंद पडेल. मग रोहितांच्या बाजूने बोलायला इथे कोण उरेल?

आत्या: हे मी नाकारत नाही. माणसाचं पोट पक्ष्यावर असेल तर तो पक्ष्याला जपेल, हे बऱ्याच वेळा खरं असतं. पण होडीवाल्याला जवळ घ्यायला कोण सांगतं? पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा. थवा उडाला पाहिजे, पंखांचा गुलाबी रंग दिसला पाहिजे, म्हणून. रोहित घरटी घालतात ती कच्छच्या रणात, चिखलाचे उंचवटे करून. तिकडे जायच्या आधी इथे त्यांना अंगाला लावून घ्यायचं असतं. दर होडीमागे एकदा उडवलं तर खायचं कधी?

भाचा: मग होडीवाल्याला आपणच सांगायचं, लांब थांब म्हणून.

आत्या: आधी सांगायचं, आणि पैसे तेवढेच द्यायचे. जवळ नेल्याबद्दल बक्षिशी देणारा पाहुणाच त्याला वाईट सवय लावतो.

होडीवाल्याने मान डोलावली. होडी वल्ह्यांवरच घेतली आणि थव्यापासून बरीच लांब थांबवली. रोहितांनी माना वर केल्या नाहीत. थोड्या वेळाने होडीवाल्याने आपणहून एका बेटाकडे बोट दाखवलं.

आत्या: नदी सुरय! पिवळीधमक चोच, काळी टोपी, शेपूट दुभंगलेलं. वाळूत बसलीय बघ. तिचीही अंडी उघड्यावरच. पाणी उतरतं तशी मधली बेटं उघडी पडतात, आणि ही त्यांवर घरटं करते. चारी बाजूंना पाणी म्हणून सुरक्षित. पण पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं. मग कुत्री येतात, गुरं येतात.

भाचा: आणि होड्याही लागतात.

आत्या: हो. २०२० पासून नदी सुरय जागतिक यादीत धोक्याच्या वर्गात गेली आहे. नद्यांमधली बेटं तिच्यासाठी उरली नाहीत. वाळू उपसली, पाणी कधीही सोडलं जातं, कधीही अडवलं जातं. त्या बेटावर पाय ठेवायचा नाही, एवढंही आपण पाळलं नाही तर पक्षीप्रेमी म्हणवून घेऊ नये.

भाचा: दादा, त्या बेटावर लोक उतरतात का?

होडीवाला म्हणाला, "मागतात उतरायला. मी नाही म्हणतो. अंडी हायेत म्हणतो. काही ऐकतात, काही दुसरी होडी करतात."

रात्रीचा डांबरी रस्ता

अंधार पडल्यावर मोठा रस्ता सोडून गाडी आतल्या रस्त्याला लागली. डांबर दिवसभर तापलेलं होतं. दिव्याच्या झोतात रस्त्यावर दोन निखारे चमकले.

आत्या: हळू! रातवा आहे.

भाचा: दिसला. इतक्या जवळ येईपर्यंत उडत का नाही?

आत्या: त्याचा सगळा भरवसा न हलण्यावर असतो. वाळक्या पाल्याच्या रंगाचा, दिवसा पायाखाली आला तरी दिसणार नाही. रात्री उघड्या रस्त्यावर बसून किडे टिपतो. चाकासमोर ती युक्ती चालत नाही. सकाळी रस्त्याला चिकटलेली पिसं बघितलीस ना?

भाचा: बघितली. यादीत लिहिली नाहीत.

आत्या: लिही. तू नसलेल्याची नोंद करतोस, मग मेलेल्याची का नाही? आणि माळाच्या रस्त्यावर रात्री चाळीसच्या वर जायचं नाही.

नान्नज

सोलापूरहून बार्शीच्या वाटेवर वीसेक किलोमीटरवर नान्नज. १९७९ मध्ये इथलं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास गेला होता. त्यात गावं आली, शेतं आली, शहरांचे भागही आले. पुढे तो बराच कमी केला गेला. सकाळच्या उन्हात काळवीट चरत होते. चंडोल आकाशात चढून गात होता. माळढोक दिसला नाही. तिथे तो दिसणं आता फार दुर्मीळ झालं आहे.

भाचा: लिही, माळढोक नाही.

आत्या: लिहिलं. देशभरात आता दीडशेच्या आतच उरलेत. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. पंधरा किलोपर्यंत वजन, म्हणून हवेत चटकन वळता येत नाही. डोळे बाजूला, समोरची वीजतार दिसत नाही. शिकार झाली, माळ नांगरले गेले, तारा आल्या.

भाचा: आणि माळाला सरकारी भाषेत पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की कुणालाही द्यायला मोकळी. कारखाना घाला, सौर प्रकल्प घाला. काहीच नाही घातलं तर झाडं लावा. इथे माळावर गिरिपुष्पाची लागवड झाली ती चांगल्या हेतूनेच. पण माळढोकाला दूरवर दिसणारं मोकळं गवत लागतं. झाडांची रांग त्याच्यासाठी भिंत आहे. म्हणून मी म्हणतो की नोंदी उघड्या ठेवल्या पाहिजेत. ज्या माळाची नोंद नाही तो माळ कागदावर रिकामा असतो. उद्या कुणी विचारलं, इथे काय आहे, तर तुझी वही कपाटात आहे आणि माझी यादी समोर आहे. धाविक, पखुर्डी, चंडोल, तारखेसकट.

आत्या: हे पटतं. माझ्या वह्या मी कुणाला दाखवल्या नाहीत, कारण जागा कळली की गर्दी येते. गर्दी आली की काय होतं ते काल दिवसभर तुला दाखवत होते. पण वही कपाटात ठेवून माळ वाचत नाही, हेही दिसतंय. माळ नांगरला गेला तर माझ्या गुप्त जागेचं काय करायचं?

भाचा: मग वह्या देशील? मी त्या नोंदी चढवतो. तीच जागा, वर्षानुवर्षं, एकाच माणसाची नजर. अशा नोंदी फार थोड्या असतात.

आत्या: देईन, पण अट आहे. माळाचं नाव जाईल, पण घरट्याची जागा जाणार नाही. धाविक सुप्याच्या माळावर आहे, हे जगाला कळू दे. कोणत्या दगडाच्या डावीकडे आहे, ते कुणालाच नको.

भाचा: कबूल. पण वनखात्याने विचारलं तर?

आत्या: त्यांना सांगायचं, समोरासमोर. आणि लोकांनाही विचारायचं. अभयारण्याचा नकाशा आखताना इथल्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नाही. त्यांची जमिनीची कामं वर्षानुवर्षं अडली आणि माळढोक म्हणजे कटकट असं त्यांच्या डोक्यात बसलं. ज्याच्या शेताच्या बांधावर टिटवीची अंडी आहेत, त्याचा विश्वास गेला तर तुझ्या तीन कोटी नोंदी काय करतील?

भाचा: म्हणजे एका जागी बसणाऱ्यांना गावातली माणसं कळतात, आणि फिरणाऱ्यांना फक्त पक्षी. असं म्हणतेस?

आत्या: तसं म्हणत नाही. काल तू होडीवाल्याशी बोललास, ते चांगलं बोललास. थांबलास म्हणून बोलता आलं. माझं म्हणणं तेवढंच आहे. फिर, पण थांबायला शीक. कुठे थांबायचं, किती लांब थांबायचं आणि कधी निघायचं, हे ठरवायची मोकळीक तुला आहे. त्या धाविकेला ती नाही. अंडी फुटेपर्यंत ती त्या दगडापासून हलू शकत नाही.

भाचा: मग ठरवू. दर मे महिन्यात हाच रस्ता, हेच थांबे, याच वेळा. माळावर उन्हाच्या आधी, गाडीतून, इंजिन बंद करून. पक्षी ओरडायला लागला, पंख ओढत चालायला लागला किंवा चोचीत घास धरून नुसता बसून राहिला, की आपण निघायचं. घरट्याचा फोटो नाही. बेटावर पाय नाही. रात्री हळू. रस्त्यावर मेलेला पक्षी दिसला तर तोही यादीत.

आत्या: आणि पुढच्या खेपेला आपण दोघंच नको. तुझ्या त्या फोटो काढणाऱ्या मित्रांना आण. मागच्या सीटवर चार जणांची जागा आहे.

भाचा: तुला तर गर्दी नको होती.

आत्या: न शिकलेली गर्दी नको होती. माळाच्या बाजूने बोलणारी माणसं फार थोडी आहेत, ती वाढली पाहिजेत. पण पहिल्या सकाळी त्यांचे कॅमेरे पिशवीत राहतील. धाविक सावली कशी धरते ते त्यांनी आधी डोळ्यांनी बघायचं. ते बघितल्यावर किती लांब उभं राहायचं, हे मला सांगावं लागणार नाही.